उतरणीला लागलेली सिरियल बघत राहायची की सोडायची, हे कसं ठरवायचं

आमच्या बेळगावात जिथं चारजणी बसतात तिथं हा वाद निघतोच. भिशीत, पिठाच्या गिरणीत, वडगाव-शहापूरच्या मागाच्या घरांत, रात्री जेवणं झाल्यावर गल्लीत फेऱ्या मारताना. एकजण म्हणते त्या सिरियलमध्ये आता काय राहिलं नाही, दुसरी म्हणते अगे थांब की, आत्ता कुठं रंगात यायलीय, आणि तिसरी म्हणते मी तर कधीच सोडली आणि मग पुढचा अर्धा तास त्याच सिरियलवर बोलत बसते. मला हे वाद मनापासून आवडतात, एखाद्या गोष्टीवर जीव असल्याशिवाय कोण एवढं बोलेल. पण एक सांगते, वाद नेहमी एकाच जागी अडकतो कारण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. सिरियल अजून चांगली आहे का, हा एक. आणि ती मी बघावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नाही असलं तरी दुसऱ्याचं हो असू शकतं, आणि उलटंही असू शकतं, म्हणजे सिरियल ठीक चाललीय पण तुमचा तिच्यातला भाग संपलाय. खाली जे सांगतेय ते हे दोन प्रश्न वेगळे करून बघायचं कसं त्याबद्दल आहे.

पहिलं काम कागदावर करायचं

सिरियल सुरू झाली तेव्हा तुम्हाला कशाची उत्सुकता लागली होती ते एका वाक्यात लिहून काढा. चॅनलचा प्रोमो काय म्हणत होता ते नको, तुम्हाला काय जाणून घ्यायचं होतं ते लिहा. हे वाटतं तेवढं सोपं नाही, बऱ्याच जणांना चार-पाच मिनिटं विचार करावा लागतो.

उदाहरण घ्या 'आई कुठे काय करते'चं, डिसेंबर २०१९ ला स्टार प्रवाहवर सुरू झालेली आणि नोव्हेंबर २०२४ ला संपलेली. सगळं आयुष्य घरासाठी घातलेली अरुंधती, आणि नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण तिला कळतं. आता दोन मैत्रिणी ही एकच सिरियल बघतायत पण एकीला बघायचं होतं ती अनिरुद्धला सोडणार का, आणि दुसरीला बघायचं होतं ती स्वतःच्या पायावर उभी राहणार का. पहिलीसाठी घटस्फोट झाला तिथं गोष्ट संपली, त्यानंतर जे काही आलं ते तिला पाणी घालून वाढवलेलं वाटलं. दुसरीसाठी घटस्फोटानंतरच खरी गोष्ट सुरू झाली, तिचं गाणं, तिची कमाई, आशुतोषशी लग्न, हे सगळं तिला हवंच होतं. या दोघी कितीही भांडल्या तरी एकमेकींना पटवू शकणार नाहीत, आणि कुणीच चुकलेलं नाही. दोघींनी आपापलं वाक्य लिहून एकमेकींना दाखवलं असतं तर भांडण पाच मिनिटांत मिटलं असतं.

वाक्य लिहून झालं की बघा, त्याचं उत्तर मिळालंय का. मिळालं असेल तर तुमची सिरियल खरं म्हणजे पूर्ण झाली, आता जी चालू आहे ती त्याच नावाची दुसरी सिरियल आहे आणि तिला नव्यानं तपासायचं, पहिल्या भागापासून बघतोय म्हणून सवलत द्यायची नाही. उत्तर मिळालं नसेल पण रोज त्या दिशेनं थोडं तरी सरकतंय, तर थांबा, सोडू नका. आणि उत्तर मिळालेलं नाही, सरकतही नाही, त्या प्रश्नाचं कुणी नावही काढत नाही, घरात कुणी नवीनच बाई येऊन विष कालवतेय आणि मूळ माणसं नुसती मागं उभी राहून डोळे मोठे करतायत, असं असेल तर मग खरंच विचार करायची वेळ आलीय.

लांबली म्हणजे बिघडली असं नाही

आमच्याकडे घराघरात मराठी आणि कन्नड दोन्ही सिरियली चालतात, साडेसातला एक भाषा आठला दुसरी, त्यामुळं आम्हाला एक गोष्ट बघायला मिळाली जी पुण्या-मुंबईच्या लोकांना सहसा मिळत नाही. झी मराठीवर 'तुला पाहते रे' ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१९ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, संपली. तिचीच कन्नड आवृत्ती 'जोते जोतेयली' झी कन्नडवर सप्टेंबर २०१९ ला आली आणि मे २०२३ पर्यंत चालली. मूळ गोष्ट तीच, मोठ्या वयाचा श्रीमंत नायक, साध्या घरातली मुलगी आणि मागचं एक मोठं गुपित. मराठीत ज्यांनी बघितली होती त्यांना ते गुपित आधीच माहीत, तरी कन्नड बघणारे आमच्याकडे होतेच, आणि शेजारच्या कन्नड अक्का त्यांना आता पुढं काय होणार ते सांगू नका म्हणून हात जोडायच्या. नुसत्या गुपितासाठी बघत असते तर पहिल्याच महिन्यात सोडली असती. त्यांना त्या घरातली माणसं आवडली होती, नायिकेचे आई-वडील, त्यांचं बोलणं. पुढं २०२२ मध्ये नायकाचं काम करणारा नटच बाहेर गेला आणि तिथं मात्र बऱ्याच जणांनी हात टेकले.

यातून काय घ्यायचं, तर लांबी मोजत बसू नका. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले, आणि अनेक घरांत ती शेवटपर्यंत बघितली गेली. नुसतं "किती वर्षं झाली" हे कारण सोडायला पुरेसं नाही. किती वर्षांत काय घडलं ते विचारा.

पंधरा दिवसांची परीक्षा

आता हे जरा सविस्तर सांगते कारण खरं कळतं ते इथंच. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती, टायटल आणि कालचं काय झालं ते वजा केलं तर हातात वीस-बावीस मिनिटं गोष्ट येते. आठवड्याला सहा भाग धरले तर दोन-सव्वादोन तास, म्हणजे जवळजवळ एका सिनेमाएवढा वेळ. एवढ्या वेळात काहीतरी बदललं पाहिजे की नको.

पहिला आठवडा नेहमीसारखा पूर्ण बघा, पण फोन बाजूला ठेवून, भाजी निवडत नाही, इस्त्री करत नाही, नुसतं बघा. कारण आपण बऱ्याचदा सिरियल ऐकत असतो आणि मग म्हणतो बघतोय. प्रत्येक भागानंतर एवढंच लिहा की आज असं काय झालं ज्यामुळं उद्याचा भाग वेगळा होईल. कुणी दाराआडून अर्धवट ऐकलं, हे लिहायचं नाही, ते घडणं नाही, ते घडणं पुढं ढकलणं आहे. कुणीतरी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला, तेही नाही. सगळ्या घराचे चेहरे एकेक करून तीन-तीन वेळा दाखवले, मागं ढगांचा गडगडाट, तेही नाही. कुणी घर सोडलं, कुणाला कळलं, कुणी नोकरी धरली, कुणी माफी मागितली, कुणी ठरवलं, असलं काहीतरी लिहायचं. सहापैकी दोन दिवस तरी काही लिहिता आलं तर सिरियल जिवंत आहे, रोजच्या मालिकेकडून याहून जास्तीची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. एकही दिवस लिहिता आलं नाही तर दुसऱ्या आठवड्याकडं जा.

दुसऱ्या आठवड्यात फक्त सोमवार आणि शनिवार बघायचा, मधले चार दिवस नाही. शनिवारी बसल्यावर काही अडलं का बघा, कोण कुठं आहे, का रडतंय, हे समजायला कुणाला विचारावं लागलं का. काहीच अडलं नाही तर ते चार दिवस तुम्ही रोज संध्याकाळी काय बघत होता याचा विचार करा.

बेळगावकरांना ही परीक्षा वर्षातून दोनदा आपोआप घडते. एकदा गणपतीत आणि एकदा शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी, तेव्हा रात्री घरात टीव्हीसमोर कोण बसतंय. गणपती विसर्जन झाल्यावर परत टीव्ही लावला की पहिल्या पाच मिनिटांत कळतं, मधे काय झालं ते विचारायला तुम्ही बहिणीला फोन लावता की नाही. फोन लावलात तर अजून जीव आहे त्यात. नाही लावला आणि तरी सगळं समजलं, तर तेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र या परीक्षेत धरू नका, ती म्हणजे सणाचे आणि लग्नाचे भाग. मंगळागौर, वटपौर्णिमा, मेंदी, हळद, संगीत, आणि त्यात दुसऱ्या सिरियलमधली माणसं पाहुणी म्हणून येतात तो महासंगम. हे भाग सगळ्याच सिरियलींत असतात, चांगल्या असोत की पडलेल्या, त्यावरनं काहीच ठरवता येत नाही. परीक्षेसाठी असा पंधरवडा निवडा ज्यात सण नाही.

का घसरली ते शोधा

घसरण दोन प्रकारची असते, एक निघून जाणारी आणि एक न जाणारी. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झाल्यावर बऱ्याच मराठी मालिकांचं युनिट गोव्याला वगैरे गेलं, तेव्हा अचानक सगळं कुटुंब कुठल्यातरी बंगल्यात, निम्मी माणसं गायब, घर ओळखीचं नाही, आणि लोक म्हणाले सिरियल गेली कामातून. ती अडचण बाहेरची होती, शूटिंग परत जागेवर आल्यावर त्यातल्या काही सावरल्या. तसंच एखादी नटी बाळंतपणाला गेली, कुणी आजारी पडलं, तर लेखकांना गोष्ट वळवावी लागते आणि महिना-दीड महिना ओढाताण दिसते. असल्या वेळी सोडायची घाई करू नये असं माझं मत आहे.

न जाणारी घसरण ओळखायच्या खुणा वेगळ्या. मुख्य माणसाचा स्वभावच बदलून टाकणं ही सगळ्यात मोठी, काल शहाणी असलेली बाई आज कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायला लागते कारण तसं केल्याशिवाय ट्रॅक, म्हणजे गोष्टीचा चालू धागा, पुढं जात नाही. माणूस बदलू शकतो पण त्याला कारण दाखवायला पाहिजे. दुसरी खूण म्हणजे मेलेला परत येणं, स्मृती जाणं, हुबेहूब दिसणारी दुसरी येणं, यातलं एक झालं तर चालेल, दोन झाली की समजा लेखकांच्या हातात काही उरलं नाही. तिसरी, सात-आठ वर्षांची लीप घेऊन पुढं गेल्यावर परत तेच भांडण नव्या पिढीत लावणं. आणि चौथी गोष्टीत दिसत नाही, वेळेत दिसते. प्राइम टाइमवरून सिरियल दुपारी किंवा रात्री उशिरा हलवली की बहुतेक वेळा शेवट जवळ आलेला असतो. 'आई कुठे काय करते' मार्च २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि त्याच वर्षी संपली. अशा वेळी मी उलटा सल्ला देईन, एवढी वर्षं बघितली असेल तर आता सोडू नका, काही महिन्यांत शेवट बघायला मिळेल.

'तारक मेहता का उल्टा चष्मा'सारखी एक तिसरी तऱ्हाही आहे. २००८ पासून चालू, दयाबेन २०१७ पासून नियमित दिसली नाही, मधे मधे ती येणार म्हणून हवा होते आणि येत नाही. इथं "दया येईल" म्हणून बघत असाल तर माझ्या मते सोडावी. जेवताना सोसायटीतली ओळखीची माणसं समोर असावीत म्हणून बघत असाल तर तपासायचं काही कारणच नाही, तुम्हाला पाहिजे ते मिळतंय.

आणि कधी कधी उतरलेली गोष्ट वेगळ्या रूपात चढते पण. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला आली आणि संपली, २०१९ ला दुसरा भाग आला तो मागची गोष्ट सांगणारा, अण्णा नाईक आणि शेवंता, आणि आमच्याकडे खानापूर भागात कोकणाशी येणं-जाणं असल्यामुळं तर ती घराघरात बघितली गेली. पहिल्यात मन न रमलेले लोक दुसऱ्यात रमले. म्हणून सोडली तरी नावच टाकायचं नाही असं करू नका.

टीआरपीचा दाखला देऊ नका, आणि ऐकूनही घेऊ नका

वादात हमखास कुणीतरी म्हणतं, पहिल्या नंबरला आहे म्हणजे चांगलीच असणार. हा टीआरपीचा आकडा बार्क ही टीव्ही कोण किती बघतंय ते मोजणारी संस्था काढते, देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत त्यावरून, आणि दर आठवड्याला तो येतो. पण मराठी चॅनलांची जी क्रमवारी आपण वाचतो ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेची असते. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतले आपण सगळे रोज मराठी सिरियल बघूनही त्या क्रमवारीत धरलेलेच नसतो. मला याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, इतक्या वर्षांची आपली बघण्याची सवय आणि आकड्यात आपण नाही. पण यातून एक मोकळीक मिळते बघा. आपण सोडली तर बिचारी सिरियल बंद पडेल हे ओझं आपल्यावर नाही, आणि आपण बघितली म्हणून वाईट ट्रॅक लांबेल हा दोषही आपल्यावर नाही. आपण आपल्यापुरतं ठरवायला पूर्ण मोकळे आहोत.

घरात बोलायचं कसं

सोडलेल्यानं चालू ट्रॅकवर मत द्यायचं नाही, प्रोमो बघून तर अजिबात नाही, कारण प्रोमोत जे दाखवतात ते बऱ्याचदा तसं घडतच नाही. त्यानं सांगायचं ते एवढंच की मी कुठं सोडली आणि का. आणि बघणाऱ्यानं "एवढी वर्षं बघितली आता काय सोडायची" हे कारण द्यायचं नाही, गेलेला वेळ गेला, पुढच्या वेळाचं बोलायचं. नटाला आणि त्याच्या भूमिकेला वेगळं ठेवा, खलनायिका चिडवते म्हणजे ती बाई चांगलं काम करतेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली म्हातारी माणसं. एखादी आज्जी दिवसभर घरात एकटी असते, मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेत, आणि तिची बहीण कोल्हापूरला किंवा गडहिंग्लजला. दोघी एकच सिरियल बघतात आणि साडेनऊला फोनवर बोलतात. "अगे बघितलीस काय, तिनं त्याला सांगून सोडलं की!" तिला जाऊन "आज्जी, काय हाय त्यात, तेच तेच दाखवालेत" म्हणू नका. ती सिरियल पडलीय हे तिलाही कळतं, आपल्यापेक्षा जास्त कळतं, तिनं आपल्यापेक्षा जास्त सिरियली बघितल्यात. ती बघतेय कारण साडेनऊला बहिणीशी बोलायला विषय पाहिजे. इथं पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, दुसऱ्याचं उत्तर हो आहे. घरात एकच टीव्ही असेल आणि त्याच वेळी मॅच असेल तर तुम्ही मॅच फोनवर बघा.

त्याच्या उलट, नवरा-बायको दोघंही कंटाळलेत पण दुसऱ्याला आवडते म्हणून दोघंही बघतायत, असंही घरोघरी असतं. एकदा तोंडानं विचारा की "तुम्हाला अजून बघायचीय का?" एवढा साधा प्रश्न महिनोन्महिने कुणी विचारत नाही.

सोडायची ठरली तर

मधेच, कुठल्यातरी मंगळवारी सोडू नका, मग मनात राहते आणि परत ओढली जाता. एखादा ट्रॅक संपेल तिथं सोडा, लग्न लागलं, गुपित फुटलं, कुणी घरी परत आलं, असा टप्पा साधारण दोन-तीन महिन्यांनी येतोच. त्या रविवारचा महाएपिसोड बघा आणि थांबा. त्याच वेळेला दुसरं काहीतरी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर हात रिमोटकडं जातो.

पूर्ण सोडवत नसेल तर मधला मार्ग आहे, आठवड्यातून एकदाच बघायची, झी मराठीची झीफाइव्हवर आणि स्टार प्रवाह, कलर्स मराठीची जिओहॉटस्टारवर, मागचे भाग असतात तिथं, पुढं ढकलत ढकलत सहा भाग तासाभरात होतात. नाहीतर रोज बघणाऱ्या मावशीकडून आठवड्याची गोष्ट ऐकून घ्या. मी सांगते, चांगली सांगणारी मावशी मिळाली तर ती ऐकणं मूळ सिरियलपेक्षा रंगतदार असतं, ती फालतू भाग स्वतःच गाळते आणि भांडणाचे संवाद बरोबर लक्षात ठेवते.

शेवट जाहीर झाला की शेवटचा आठवडा मात्र बघा, सोडली असली तरी. मूळ प्रश्न तुम्ही लिहून ठेवलेला कागद जवळ असू द्या, लेखक शेवटी बहुतेक त्याच प्रश्नाकडे परत येतात आणि तेव्हा त्याचं उत्तर तुम्हाला पटतंय का ते बघण्यात मजा आहे.

आणि एक व्यवहाराचं. २०१९ पासून आपल्याला पाहिजे तेवढेच चॅनल निवडून पैसे भरता येतात. आपण कर्नाटकात असल्यामुळं डिशचा राज्याचा पॅक घेतला की त्यात कन्नड चॅनल असतात, मराठी असतीलच असं नाही, बऱ्याच घरांत ते वेगळे जोडून घेतलेले असतात. एका सिरियलसाठी म्हणून जोडलेला चॅनल ती सोडल्यावरही तसाच चालू राहतो आणि दर महिन्याला पैसे जात राहतात. सोडायचं नक्की झालं की रिचार्ज करायच्या आधी घरात सगळ्यांना विचारा त्या चॅनलवरचं अजून कोण काय बघतंय, आणि कुणीच नसेल तर केबलवाल्याला सांगून किंवा डिशच्या ॲपवरून तो काढून टाका. आज्जी दुपारी त्यावर जुने भाग परत बघत असेल तर ठेवा.